दुसऱ्या खेपेचं बीपी

बुधवार, १२ मार्च, दुपार

ताई,

नमस्कार लिहायला घेतला आणि पेन अडलं. दोन वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही, आता कुठल्या तोंडाने विचारू, कशी आहेस? तरी विचारते. गुडघा काय म्हणतो? भावजी अजून घोरतात का?

इकडे सगळं ठीक. ठमी चार वर्षांची झाली. चपला उलट्या घालते आणि वर म्हणते, “होईल पायांना सवय.” माझं शिवणकाम जोरात आहे. एका शाळेचे दीडशे गणवेश घेतलेत.

सगळं ठीक, हे खोडायला हवं. मी दवाखान्यात आहे. घाबरू नकोस, बसून लिहितेय. मध्येच नर्स येते, दंडाला पट्टा आवळते, आकडा बघते, काही न बोलता जाते. तूही तुझ्या वॉर्डात अशीच वागतेस का गं? आकडा तोंडाने सांगितला तर काय बिघडतं!

ते जेवण आठवतंय ना? ठमीनंतर माझं वजन उतरलं तर नाहीच, उलट चढतच गेलं. तू सासूबाईंसमोर म्हणालीस, “दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी थोडं उतरव. मी रोज बघते, मधल्या काळात वजन वाढलं की दुसऱ्या खेपेला बीपी वर जाण्याची भीती असते.” मला ऐकू आलं ते एवढंच, की ताईने मला चारचौघांत जाडी म्हटलं. मी ताटावरून उठले. तुझे फोन घेतले नाहीत.

मग खरंच दिवस गेले. तुला कळवलं नाही.

सहाव्या महिन्यात तपासणीला बीपी दीडशेवर शंभर निघालं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. मी गेले नाही. गोळ्या कपाटात ठेवल्या. घरी ह्यांना सांगितलं, “एकदम नॉर्मल.” पाय सुजून चपला होईनात, तर ह्यांच्या घातल्या. डोकं ठणकायचं, तर ओढणी करकचून बांधून मशीन चालवायची.

सगळ्यांना सांगितलंय की गणवेशांची घाई होती. खरं कारण तुलाच सांगते. पुन्हा गेले असते आणि बीपी तसंच निघालं असतं, तर तू बरोबर ठरली असतीस. ते मला नको होतं. बस, एवढंच. लिहिल्यावर किती क्षुल्लक दिसतंय.

रविवारी सकाळी दोरा ओवताना एका सुईच्या दोन झाल्या, मग एकही दिसेना. ह्यांनी तशीच गाडीत घातली. इथे एकशे ऐंशी निघालं. तासाभरात ऑपरेशन. मुलगी झाली, ताई. आठ आठवडे आधी. एक किलो चारशे ग्रॅम. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे. मी अजून पाहिली नाही. हे फोनवर फोटो दाखवतात, मी फोन पालथा घालते.

काल डॉक्टरीणबाईंना विचारलं, “माझ्या वजनामुळे झालं का हे?”

त्या म्हणाल्या, “दोन खेपांच्या मध्ये चौदा किलो वाढलं, त्याने धोका वाढतो हे खरं. पण बारीक बायकांनाही होतं. वजनासाठी तुम्हाला कुणी दोष देणार नाही. दोन दिवसांनी या म्हटलं होतं, तेव्हा का आला नाहीत?”

मी भिंतीकडे तोंड केलं.

आज सकाळी तिची ऑक्सिजनची नळी काढली. आपला आपण श्वास घेतेय म्हणे. माझं बीपीही उतरतंय. उद्या चाकाच्या खुर्चीतून वर नेणार आहेत. हे कळल्यापासून जिवाला चैन नाही. चादर काढते, पुन्हा घेते. पाय हलवते. तिच्यासमोर जायची भीती वाटते. आणि ह्यांच्याबरोबर जायचं नाहीये. “तू तर नॉर्मल म्हणाली होतीस,” एवढंसुद्धा हे अजून बोललेले नाहीत. त्यानेच मी आतल्या आत जळते.

तू ये. फोन केला असता, पण तू “हॅलो” म्हटलंस की मी ठेवून देईन, म्हणून पत्र. हे आजच पत्र घेऊन तुझ्याकडे निघतील. आलीस की आधी मला रागाव. मनापासून, वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग खुर्ची तू ढकल.

तुझं ऐकायला उशीर केलेली,
धाकटी