भिंतीवरचं डोकं

३ मार्च, सकाळ
वैद्यांचे उपचार सुरू. मणक्यांचा संधिवात, मणके म्हणे एकमेकांना चिकटत चाललेत. कमरेवर कणकेचं आळं करून त्यात कोमट तेल ओतलं. स्वर्ग! निघताना म्हणाले, हॉस्पिटलचं इंजेक्शन परस्पर बंद करू नका, व्यायाम रोज, दही नको, दुपारची झोप नको. भला माणूस, पण स्वतःच्याच शास्त्रावर भरवसा कमी. इंजेक्शन बंद केलं. बोललो कुणालाच नाही.

७ मार्च
तेल लावून रोज भिंतीला पाठ टेकवून उभा राहतो. टाचा, कंबर, खांदे, डोकं, सगळं टेकलं की मणका सरळ. आज भिंतीवर डाग बघून बायको किंचाळली, माणूस आहात की तेलाचा बुधला? मी डोक्याचा डाग दाखवला. टेकतंय! जरा खाली आहे, पण वयानुसार माणूस घटतोच. ती म्हणाली, टेकतंय ना, मग मान वळवून बोला माझ्याशी. तिला शास्त्र कळत नाही.

१५ मार्च
व्यायाम उद्यापासून. दही चमचाभरच. दुपारी झोपलो नाही, नुसता आडवा झालो. घोरत होतो, हा लेकीचा आरोप.

२२ मार्च
उठायला लेकीचा हात लागला. हवा दमट आहे. वैद्यांनी विचारलं, इंजेक्शन चालू आहे ना? होकारासाठी मान हललीच नाही, म्हणजे खोटंही बोललो नाही.

२६ मार्च, दुपार
गोदामात फोर्कलिफ्ट मागे घेत होतो. मुकादम ओरडला. ब्रेक. मागे हमाल, रॅक आणि गाडी यांच्यामध्ये. वीतभर अंतर. हमाल पांढराफटक. काका, मागे बघत जा की हो! बघितलं होतं. आरशात. आरसा धुळकट. मुकादम म्हणाला, सोमवारी फिटनेस तपासणी. नापास झालात तर चावी माझ्याकडे. घाबरतो कोण? भिंत साक्षीला आहे.
चावी हातातून दोनदा निसटली. तेलाचा परिणाम.

२९ मार्च
बायकोने भिंत घासून काढली! माझा पुरावा! लगेच डोक्यावर तेल थापलं, जोर लावून उभा राहिलो. मागे बघितलं, म्हणजे अख्खा मीच फिरलो. कंबर आहे. खांदे आहेत. डोकं नाही. आणखी तेल. पुन्हा उभा. नाही.
लेक दारात होती. हळूच म्हणाली, बाबा, वरचा डाग माझा होता. फोनवर बोलताना मी तिथेच डोकं टेकवून उभी असते.

३० मार्च
सकाळी वैद्यांना खरं सांगितलं. रागावले. मग स्वतःच हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावला. उद्या जायचंय.
तपासणीआधीच मुकादमाला चावी दिली. आरसा धुळकट नव्हता, हेही सांगितलं.
बाहेर पडताना मागून हमालाची पावलं ऐकू आली. हाक मारली नाही त्याने. वळसा घालून समोर येऊन उभा राहिला आणि मग म्हणाला, काका, निघालात?