संदर्भसूची मी वाचली नाही

प्रिय ताई,

आज तुझ्या प्रबंधाची दुरुस्त प्रत बांधून आली. सीताबर्डीच्या दुकानात, माझ्या टेबलावर आहे. हातात द्यायला तू नाहीस, म्हणून लिहायला बसले.

नऊ वर्षं तू खाप्याच्या विणकरांवर काम केलंस. आठवडाभर कॉलेजात शिकवायचं, रविवारी खाप्याला जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, प्रताप नगरला परत येऊन सगळं कार्डांवर उतरवायचं. लोकांचे प्रबंध टाइप करणं हा माझा धंदा. तुझा मात्र मी हौसेने केला.

शेवटी संदर्भसूची उरली. तू कार्डांचा गठ्ठा घेऊन आलीस. मी म्हटलं, आता त्यासाठी वेबसाइट आहे, पुस्तकाचं नाव टाकलं की लेखक, प्रकाशक, साल सगळं आपोआप मांडून देते. तुला केवढं नवल वाटलं! एका दुपारी मी सगळी सूची उरकली.

तू चष्मा लावलास. "मंदे, एकदा कार्डांशी ताडून पाहू काय वं?"

"काहून? कम्प्युटर चुकते काय? मले दुसरं काम पडलं आहे."

तू कार्डं पिशवीत भरलीस. हट्ट का नाही धरलास, ताई? मोठी होतीस ना तू?

पाच महिन्यांनी विद्यापीठातून प्रबंध परत आला. एका लेखिकेच्या नावाआधीचं 'सौ.' हेच वेबसाइटने आडनाव धरलं होतं. एकाच नावाची दोन पुस्तकं, त्यातलं भलतंच उचललं होतं. अशा कितीतरी चुका. परीक्षकांचं म्हणणं, सूचीवरच भरवसा ठेवता येत नाही, तर बाकीच्यावर कसा ठेवायचा? ते पत्र तू मला वाचायला दिलंस आणि चहा ठेवायला आत गेलीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं.

तेव्हा तुझं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातले दोन दिवस दवाखाना, उरलेले दिवस ग्रंथालय. मी करते म्हटलं, तर म्हणालीस, "तू तुह्यं दुकान सांभाळ. माही यादी मीच करीन."

'म'पर्यंत आलीस. मग दवाखान्यातून घरी आलीच नाहीस.

उरलेली अक्षरं मी केली. दर सोमवारी दुकान बंद ठेवून ग्रंथालयात गेले, एकेक पुस्तक हातात घेऊन पाहिलं. तुझ्या गाइड मॅडमनी पानं उलटली. तोंडी परीक्षेशिवाय पदवी मिळत नाही, प्रत तेवढी विभागात ठेवून घेऊ, म्हणाल्या. तुझ्या नावाआधी 'डॉ.' लागणार नाही. आईला हे अजून सांगवलेलं नाही.

काल तुझ्या फोनवर खाप्याहून गिरजाबाईंचा फोन आला. त्यांच्या मागाशेजारी बसून तू त्यांची मुलाखत घेतली होतीस. पोरीच्या पुस्तकात आपलं नाव आलं का, विचारत होत्या. तू गेल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं.

मग म्हणाल्या, "मले वाचता येत नाही बाई. तू येऊन वाचून दाखवशील?"

रविवारी जाते आहे, ताई. त्यांच्याजवळ बसून पहिल्या पानापासून वाचीन. एका दिवसात होणार नाही. मग पुढच्या रविवारी जाईन, त्याच्याही पुढच्या. एकही पान गाळणार नाही, एवढं कबूल करते.

तुझी धाकटी,
मंदा