धुऱ्यावर उभं राहून

माय, सर्वात पयले आली ते मागच्या घरची. बोलावलं कोणी नव्हतं, पण आपल्या घरच्या चहाचा वास तिले करडी गावाच्या दुसऱ्या टोकावर येते. खाटेवर बसली न म्हणे, "नातीनं काय केलं वं, शाळेची बाई घरी येऊन राहिली?" मी म्हटलं, सातवीच्या साऱ्याच पोरांच्या घरी जाते ते. आपल्याले काय आलं, काय नाई आलं, हे पोरानं सोताच घरच्यांसमोर सांगाचं, अशी रीत काढली तिनं.

तेवढ्यात बाई आली, संगं वर्गातल्या दोन पोरी. माझा पोरगा कारखान्याच्या ड्युटीवरून नुकताच आलेला, हातपाय धुऊन कौतुक ऐकाले बसला. अन् नात उभी राहून म्हणते, "मले अपूर्णांकाचा भागाकार येत नाई."

"पेपरात तर बरोबर होता," पोरगा म्हणे.

"पाठ केला होता, बाबा. समजला नाई."

मागच्या घरची पदरात हासली. पोराचं तोंड उतरलं. बाई गेल्यावर म्हणे, "पुढच्या वेळी सारं येते म्हणजो." पोर माझ्यापाशी आली, "आजी, खरं सांगू का बाबाले बरं वाटते ते सांगू?" तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाई. भाजी चिरते अन् मीठ विसरते.

मले तूच आठवून राहिली. धानाचा रोवणा आटोपला का बाया घराकडे निघत, अन् तू मले शेताच्या धुऱ्यावर उभी करत होती. "तू लावलेलं धान पाय. कुठं बिघडलं, तूच सांग." मी म्हणत होती, कुठंच नाई. तू तिथंच उभी ठेवे. हातावरचा चिखल सुके, तरी हालू देत नव्हती. मंग मलेच दिसे, कोपऱ्यातली रोपं पाण्यावर तरंगून राहिली. मी पुन्हा बांधीतल्या चिखलात उतरे. तू रागावली असती तर बरं झालं असतं. नातीले हेच सांगतलं, अन् म्हटलं, खरंच सांग.

काल सकाळी पोरगा डबा भरत होता. नातीनं अर्धी पोळी पुढं ठेवली. "बाबा, याच्यात पाव-पाव तुकडे किती?"

"दोन."

"म्हणजे अर्ध्याले पावानं भागलं तर दोन. भागून आकडा वाढला, काहून ते आता समजलं."

तिकडं कारखान्याची बस हॉर्न देऊन राहिली अन् हा पोळीकडं पाहून राहिला. "हे मलेबी कधी समजलं नव्हतं," म्हणे. "उलटं करून गुणाचं, एवढंच पाठ होतं." माय, मले एवढा आनंद झाला का दूध उतू गेलेलं मंग दिसलं.

पण जाता जाता बाई मलेबी म्हणाली होती, "आजी, तुम्हाला काय येत नाही, तेही पुढच्या वेळी सांगा." मी हासून टाळलं. आता बसवत नाई. हा कागद थांबून थांबून लिहिता येते, तू देवाघरी, धाडाले जागा नाई ते सोड. पण मोहाडीच्या बाजारातून येताना पाटी वाचेपर्यंत गाडी निघून जाते, म्हणून वाचल्यासारखं करते अन् बाजूच्या बाईले विचारते. घरी कोणालेच माहीत नाई. पयले तुलेच सांगून पाहिलं.

पोरानं शनिवारची ड्युटी बदलून घेतली, काहून ते बोलला नाई. बाई त्याच दिवशी येते म्हणाली.