एका खुर्चीपुरता आवाज

४ जून
ही मुलीकडे गेली. नातू झालाय, दोनेक महिने राहणार. मला अजिबात एकटं वाटत नाहीये. उलट संधी आहे. रिटायर झाल्यापासून मनात होतं ते आता करायचं: घरात खराखुरा साउंड. ही परत येईल तेव्हा दारातच थक्क झाली पाहिजे. तिला गाण्याची आवड, मला समज.

९ जून
स्पीकर आणले. माझ्या छातीइतके उंच. दुकानदाराने विचारलं, अँप्लिफायर कोणता आहे? म्हटलं, घरी आहे चांगला. त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण मी हात वर केला. गाणी काय मी आज ऐकतोय?

१० जून
अँप्लिफायर तापून बंद पडला. स्पीकर चार ओहमचे, हा आठसाठी बनवलेला. म्हणजे गाडी मोठी, बैल लहान. माझी चूक नाही. ओहम बाहेरून दिसत नाहीत.

२२ जून
नवा अँप्लिफायर. दणदणीत! बेस इतका घुमतो, की कपाटातल्या बशा ताल धरतात. शेजारीण येऊन गेली, सगळं ठीक आहे ना म्हणून. सांगितलं, ट्यूनिंग चालू आहे. मग तिने विचारलं, वहिनी कधी येणार? लोकांना दुसरे विषयच नाहीत.

११ जुलै
दोष खोलीचा आहे. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, तिन्ही एकमेकांपासून सारख्या अंतरावर हवीत. नेमका मध्ये सोफा. मेहुण्याला देऊन टाकला. तो म्हणाला, ताईला विचारलंत का? म्हटलं, सरप्राइज आहे.

१९ जुलै
डायनिंग टेबलावर आवाज आदळून परत येतो. तेही गेलं. आता जेवण ओट्याशी, उभ्याने. पचनाला उत्तम. हॉलमध्ये एकच खुर्ची. तिच्यात बरोबर बसलं की गायिका समोर उभी. डोकं जरा हललं, की ती डाव्या स्पीकरमध्ये जाऊन बसते.

२ ऑगस्ट
मुलीचा फोन. "बाबा, आई परत यायचं म्हणतेय. करमत नाही तिला."
सांगितलं, इतक्यात नको, घरभर वायरी पडल्यात. थोडे दिवस राहू दे. मुलीचा फोन मध्येच बंद झाला. लाइन खराब असावी.

२१ ऑगस्ट
जाड वायरी टाकल्या. फरक स्पष्ट जाणवतो. निदान मला. दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नाही.

५ सप्टेंबर
जुळलं! गायिका श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतो. "ऐकलंस?" म्हणून मागे वळलो आणि आवाज बिघडला. मागे वळायचं नाही, हे लक्षात ठेवायचं.
मुलीला फोन केला, आता पाठव म्हणून.

१२ सप्टेंबर
ही आली. जावयाने सोडलं. सोबत दोन मोठ्या बॅगा. हॉलच्या दारातच थांबली. थक्क! ठरवलं होतं तस्संच.
खुर्चीत बसवलं, तिचं आवडतं गाणं लावलं. मी भिंतीशी उभा. तिथून एकच स्पीकर ऐकू येतो, पण गाणं मला पाठ आहे. ती नातवाचं काहीतरी सांगू लागली. मी ओठांवर बोट ठेवलं, कारण तिथेच व्हायोलिन सुरू होतं.
गाणं संपल्यावर म्हणाली, "छान आहे हो. पण मी बसायचं कुठे?"
म्हटलं, बसलीच आहेस की.
"आणि तुम्ही?"
मी दुसरं गाणं लावलं.
मग तिने चहा केला. ओट्याशी उभ्यानेच प्यायलो. नातवाचं राहिलेलं तिने पुढे सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी तिनेच जावयाला फोन करून बोलावून घेतलं. बॅगा न उघडता परत गेल्या. एका दिवसासाठी एवढं सामान कशाला आणलं, कळलं नाही. ही आधीपासून अशीच, पॅकिंगचा अंदाज नाही.

१४ सप्टेंबर
आज सिस्टिम लावली नाही. कानांनाही विश्रांती हवी.
स्वयंपाकघरात उभा राहून जेवत होतो. भिंतीपलीकडे शेजारीण आणि तिचा नवरा बोलत होते. भाजीत मीठ जास्त झालंय की नाही, यावर वाद. मग दोघं हसले. कशाला, ते नीट कळलं नाही.
हॉलमधली खुर्ची आणून त्या भिंतीला लावली. इथून बरं ऐकू येतं.