वरी चालते

१२ नोव्हेंबर १९८९
भात बंद! डॉक्टरांनी हिच्या तोंडावर सांगितलं — भात, साखर, बटाटा, सगळं बंद. नवी चप्पल हिच्या अंगठ्याला चावली त्याला सव्वा महिना झाला, जखम भरत नाही. 'शुगर उतरली नाही तर अंगठा जाईल, मास्तरसाहेब.'
राजापूरकडची ही. पानात भात नसेल तर 'आज जेवलेच नाही' म्हणणारी!

१३ नोव्हेंबर
तांदळाचा डबा कुलपात, किल्ली माझ्या जानव्याला. हिच्यावर विश्वास नाही, म्हणून आजपासून स्वयंपाकही मीच करणार. शेजारच्या मंगलाताई हसल्या. पण उपाय त्यांनीच सुचवला — "वहिनींना वरी द्या ना भाऊ! उपासाला चालते, म्हंजे धान्य नाहीच ती. मग साखर कुठनं होणार?"
पटलं! दोन किलो आणली. इथे सिल्वासात वाणी तिला मोरैयो म्हणतो.

१५ नोव्हेंबर
काल करपली. आज गिचका झाला. ही पाटावर बसून बघत होती. 'मीठ बेताचं पडलंय हो,' म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. जन्मात चहाचं आधण न ठेवलेला माणूस मी!

२४ नोव्हेंबर
औषधाच्या दुकानातून बेनेडिक्टचं द्रावण आणलं. त्यात लघवीचे आठ थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळंच राहिलं तर साखर नाही, विटेसारखं लाल झालं तर भरपूर.
आज झालं — वीट!
'भात खाल्लास?' 'नाही हो.' 'मंगलाताईंकडे?' 'नाही हो.'

२५ नोव्हेंबर
वीट.

२६ नोव्हेंबर
वीट. अंगठा काळा पडत चाललाय. मी ओरडलो — 'चोरून खातेस आणि वर खोटं बोलतेस! मर मग!'
हे मी बोललो. लिहून ठेवतो, विसरायला नको.

२९ नोव्हेंबर
दिवसभर खानवेलच्या शाळेत तपासणीला. वरी करायला वेळच झाला नाही. ही म्हणते, भोपळ्याच्या भाजीवर राहिले. कोण मानणार? दमलो होतो, नळी तापवली नाही.

४ डिसेंबर
पुन्हा वीट. लाज सोडून मंगलाताईंनाच विचारून आलो. त्या रडकुंडीला आल्या — "एक शीत दिलं नाही भाऊ, देवाशपथ!"
मग साखर येते कुठून? डोकं चालत नाही. वरी जास्त शिजवतो आहे, पोट भरलेलं असलं की चोरी करणार नाही. मुकाट खाते. ही माझ्या डोळ्यांदेखत जाणार आणि मी नळ्या धूत बसणार.

९ डिसेंबर
अंगठा काढायचं ठरलं. डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? मी अभिमानाने सांगितलं.
'मोरैयो? बे टाइम? अरे साहेब, ए तो चोखानो भाई!'
तांदळाचा भाऊ. तिथून सरळ शाळेत गेलो. माझ्या डब्यात उरलेल्या वरीवर आयोडीनचा थेंब टाकला. काळंनिळं! दर वर्षी सातवीला हाच प्रयोग दाखवतो — बटाट्यावर, भातावर. उपासाच्या डब्याकडे हात कधी गेला नाही. पिष्ट ते पिष्ट, त्याला एकादशी ठाऊक नसते.
मीच तिला दोन्ही वेळा भात भरवत होतो आणि तिलाच चोर म्हणत होतो. मला जोड्याने मारायला हवं.

१२ डिसेंबर
अंगठा गेला. शेजारचं बोटही. शुद्धीवर आल्यावर हिने पायाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत राहिली.

१४ डिसेंबर
आज कबूल केलं हिच्यापाशी — दोष वरीचा, म्हणजे माझा.
'ठाऊक होतं मला,' म्हणाली. 'तुम्ही खानवेलला गेलात ना, त्या दिवशी मीच नळी तापवून बघितली. निळी राहिली.'
'मग बोलली का नाहीस?'
'बोलले असते तर डब्याचं कुलूप निघालं असतं आणि तुम्ही रांधायचं सोडलं असतंत. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी ऊन ऊन वाढत होतं हो.'