गंगाळात बुडालेली आंद्रेआ दोरिया

बालाघाट, फेब्रुवारी १९५७

प्रिय पुष्पलता,

गोंदियाची शाळा मानवली का? राज्यं वेगळी झाली आणि तू बदली होऊन राजेगावच्या सीमेपलीकडची झालीस. इथं सगळे हळहळले. मी नाही हळहळले, हे तुला ठाऊक असेलच.

आंद्रेआ दोरियाचा नाद तूच आमच्या घरात आणलास. न्यूयॉर्कजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून एवढं मोठं इटालियन जहाज बुडालं कसं, यावर शाळा सुटली की तू आणि हे, दोघं शिक्षक माझ्या ओसरीवर वाद घालायचात. तू इंग्रजी पेपर वाचून दाखवायचीस, हे फरशीवर खडूनं जहाज काढायचे. चहा मी करायची. विज्ञान शिकवणारा नवरा माझा, आणि त्याचं बोलणं कळायचं तुला.

मग डालड्याच्या डब्याचं जहाज केलंत. आत पत्र्याचे पडदे घालून खण पाडले. ते गंगाळात सोडून यांनी उजव्या बाजूला पाणी भरलं, डावी रिकामी ठेवली. जहाज कललं, पाणी पडद्यावरून पुढच्या खणात, तिथून त्याच्या पुढच्या.

"पाह्यलं, पुष्पलता? असंच झालं असंल!"

एरवी तू पुष्पलताबाई. त्या दिवशी नुसती पुष्पलता. मला इतक्या वर्षांत "अवं"च्या पुढं काही नाही. मी गंगाळ तिथंच उपडं केलं. "मले पाणी तापवाचं हाय," म्हटलं. तू हसलीस. हे हसले नाहीत.

तू गेलीस तेव्हा वाटलं, सुटले. पण हे घरात मुकेच झाले. परवा तुझं पाकीट आलं, त्यातलं इंग्रजी कात्रण वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

"काय झालं?"

"काही नाही. तुले नाही समजणार."

"काहून नाही समजणार? गंगाळ तं मीच भरलं होतं."

तेव्हा बोलले. दोन्ही जहाजांच्या कंपन्यांनी आपसात मिटवलं, चूक कोणाची हे आता कोर्टात ठरणार नाही.

"मंग त्याईले एकमेकाची जहाजं दिसलीच नाही काय?" मी विचारलं.

"रडारच्या यंत्रात दिसली होती ना! हौ, दोघाईले दिसली होती!" म्हणत यांनी खडू शोधला. चुलीवर भात करपला, तरी सांगतच होते. माझ्याकडे बघून सांगत होते गं.

म्हणून हे लिहिते. यापुढे कात्रण यांच्या नावानं धाडू नकोस. माझ्या नावानं धाड, सोबत मराठीत अर्थ लिही. यांना मी सांगेन. तुझ्यावरचा राग अजून आहे. पण पाकिटं थांबवू नकोस.

तुझीच,
अनुसया