माझ्या तोंडून निघालेलं "हो"

प्रिय दादा,

तुझा जामीन न्यायाधीशांनी नाकारला, असंच तू धरून चालला आहेस. ते अर्धंच खरं आहे.

गिऱ्हाइकाच्या कॉलरमधून कुणीतरी बोलतंय असं वाटून तू शिवणाच्या दुकानात त्याच्या खांद्यात कात्री खुपसलीस. कोर्टात आपल्या वकीलबाई म्हणाल्या, "हा आजारी आहे, तुरुंगात आणखी बिघडेल, म्हणून सोडा." सरकारी वकील म्हणाले, "आजारी आहे, म्हणूनच सोडू नका." मग न्यायाधीश साहेबांनी मला जवळ बोलावलं.

"गोळ्या वेळेवर द्याल?"

"देईन."

"घरी आणखी कोण असतं?"

"कुणी नाही."

"भावाची भीती वाटते?"

वकीलबाईंनी "नाही" म्हणायला पढवून ठेवलं होतं. तू पिंजऱ्यातून माझ्याकडे बघून हसलास, मला सायकल शिकवताना हसायचास तसा. आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. इतकं हळू, की फक्त साहेबांनाच ऐकू गेलं.

त्यांनी तुला इस्पितळात पाठवलं, जामिनाचं महिन्यानं बघू म्हणाले. जाताना तूच माझी समजूत घातलीस, "रडू नकोस गं, तू तुझ्याकडून होईल तेवढं केलंस."

आता महिना होत आला. डॉक्टर म्हणतात, तू बराच सावरला आहेस. साहेब पुन्हा तेच विचारतील. तू घरी यावंस म्हणून जीव तुटतो, दादा. आणि जिन्यावर कुणाची चप्पल वाजली, तरी भर दुपारी मी धावत जाऊन दाराला कडी घालते.

तुझीच,
छकुली